वाढत्या अंगाची बंदूक

नोव्हेंबर लागला की दुबईतली माणसं खिडक्या उघडतात. सात-आठ महिने एसीची घरघर ऐकून कान किटलेले असतात. मग एके सकाळी घरातलं कुणीतरी ते बटण बंद करतं, एकदम शांत होतं, आणि त्या शांततेत शेजारच्या घरातली कुकरची शिट्टी, खालच्या गाड्यांचे हॉर्न, लांबून जाणाऱ्या मेट्रोची सरसर असं सगळं आत येतं. यंदा आम्ही नवराबायको लेकीकडे अल बर्शाला थंडी काढायला आलो आहोत. थंडी म्हणायचं आपलं. परवा सकाळी रश्मीनं, म्हणजे लेकीनं, बाल्कनीचं दार उघडलं आणि ते वाऱ्यानं आपटू नये म्हणून पायानंच त्याच्याखाली लाकडाचा एक तुकडा सारला. ओलसर, किंचित खारट वारा आत आला. हा वारा मी कुठेही ओळखीन. आयुष्याची वीस वर्षं मी तो पहाटे पाच वाजता तोंडावर घेतलेला आहे.

खरं तर बरं वाटायला हवं होतं. पण तेवढ्यात माझा अकरा वर्षांचा नातू, ईशान, फुटबॉलचे नवे शूज घालून हॉलमध्ये चालून दाखवायला लागला. फटक, फटक. पाय एकीकडे आणि शूज दुसरीकडे.

"हे काय रे?" मी विचारलं.

"टू साइझेस बिग, आजोबा," तो म्हणाला. "फिंगर गोज इन. सी?"

बोट कसलं, माझा अख्खा अंगठा गेला त्याच्या टाचेमागे.

"वाढत्या अंगाचा आहे हो तो, बाबा," रश्मी स्वयंपाकघरातून म्हणाली. "दोनशे वीस दिरहमचे आहेत, म्हणजे पाच हजार रुपये झाले. सहा सहा महिन्यांनी कोण घेणार? येईल त्यांच्यात."

माझं डोकंच फिरलं. मी ओरडलो, चांगला ओरडलो. म्हटलं, पोरगं आज खेळणार आहे की सहा महिन्यांनी? आज पाय मुरगळला तर तो पण वाढत्या अंगाचा म्हणून तसाच ठेवणार का? त्या पोराला वाटेल आपल्यालाच पळता येत नाही! ईशान दचकून सोफ्यावर बसला. रश्मी दारात येऊन माझ्याकडे बघत राहिली.

"शूज आहेत हो, बंदूक नाही," सुलभा, माझी बायको, म्हणाली, आणि म्हटल्या म्हटल्या तिनं ओठ घट्ट मिटून घेतले.

ईशाननं शूज काढले. रश्मी आत गेली आणि तिनं उगीचच नळ सोडला.

या घरात बंदुकीचं नाव कसं निघालं ते सांगायला हवं. नव्वदच्या दशकात आणि नंतरही काही वर्षं मी दुबईबाहेर वाळूत असलेल्या एका नेमबाजीच्या क्लबात कामाला होतो. कागदावर स्टोअरकीपर. प्रत्यक्षात बंदुका पुसणं, दुरुस्त करणं, कुणाच्या अंगाला कुठली बसेल ते सांगणं, सगळं माझ्याकडे. शिकार-बिकार काही नव्हती तिथे. एक यंत्र मातीची केशरी बशी हवेत भिरकावतं, आपण "पुल" म्हणून ओरडायचं आणि ती खाली पडायच्या आत छऱ्यांनी फोडायची, एवढाच खेळ. इथल्या लोकांच्या स्वतःच्या बंदुका असत. आमच्यासारख्या परक्यांना क्लबच्याच वापराव्या लागत, आणि मुलांना तर एकच बंदूक नावावर लावून हंगामभर मिळायची.

हंगाम म्हणजे हाच. नोव्हेंबर ते मार्च. मी राहायचो शारजात, तिथून निघायचं तेव्हा रस्त्यावर इतकं धुकं असायचं की पिकअपचा ड्रायव्हर मान खिडकीबाहेर काढून गाडी हाकायचा. क्लबात पोचलो की वाळूवर दव पडून वरचा थर घट्ट झालेला असे आणि बुटाखाली पापडासारखा मोडे. मी कपाटं उघडायचो. आतून अक्रोडाच्या लाकडाचा, त्यावर चोळलेल्या जवसाच्या तेलाचा आणि थंड लोखंडाचा वास यायचा. कागदी कपात करक, म्हणजे इथला कडक दुधाचा चहा, एकावर एक घातलेले दोन स्वेटर, आणि पहिला बार होईपर्यंतची ती शांतता. पहिला बार झाला की लांब बाभळीवरचे पक्षी उडायचे आणि परत तिथेच येऊन बसायचे. दुसऱ्या बाराला ते हलतसुद्धा नसत. सवय झालेली त्यांना.

मला मात्र माणसांच्या मूर्खपणाची सवय कधी झाली नाही.

पोराची पहिली बंदूक निवडायला बाप येतो, मामा येतो, काका येतो. पोर मागे उभं असतं. त्याला कुणी विचारत नाही. एका काकानं बारा वर्षांच्या पुतण्यासाठी बारा बोअरची, मोठ्या नळीची, सोन्याची नक्षी असलेली जड बंदूक पुढे ठेवली. पोराचा हात ती उचलताना थरथरत होता. मी म्हटलं, ही तुमच्यासाठी आहे की त्याच्यासाठी? तर म्हणे, "हबीबी, मर्द बनेगा." डोंबल बनेल! मर्द बनायच्या आधी खांद्याचं हाड मोडेल. दुसरा एक शहाणा उलट्या टोकाचा. आपलाच मराठी इंजिनिअर, अबुधाबीहून मुलाला घेऊन आलेला. म्हणाला, सावंत, पोरासाठी सगळ्यात हलकी दाखवा. अहो, हलकी बंदूक जास्त लाथ मारते! जड बंदूक धक्का स्वतः पिते, हलकी तो सगळा पोराला देते. हे मी त्याला तीनदा सांगितलं. चौथ्यांदा त्यानं मला विचारलं, तुमचं शिक्षण किती? मी सांगितलं, नववी पास, पण तुमच्या मुलाचा खांदा नववीच्या वरच्या परीक्षेला बसणार नाही, तो इथेच सुजेल. मॅनेजरनं मला आत बोलावून समज दिली. दिली तर दिली. मी काही मागे हटलो नाही.

एकच माणूस मला शहाणा भेटला. एक म्हातारा बेदुइन, वाळवंटातला, ससाणे पाळणारा, नातवाला घेऊन आला होता. मला काहीही न विचारता त्यानं नातवाचे डोळे आपल्या हातानं झाकले आणि सांगितलं, खांद्याला लाव. पोरानं आंधळेपणानं बंदूक लावली. मग म्हाताऱ्यानं हात काढला. पोराचा डोळा नळीच्या बरोबर वर होता, गाल लाकडावर टेकला होता. "खलास," म्हातारा म्हणाला, म्हणजे झालं काम. बंदूक पोराकडे यायला हवी, पोरानं बंदुकीकडे जायचं नाही. साधी गोष्ट. एवढं कळायला ना शिक्षण लागतं ना पैसा, पण दहातल्या नऊ जणांना कळत नाही.

आणि सगळ्यात जास्त राग मला कशाचा होता? दस्त्याच्या लांबीचा. दस्ता म्हणजे बंदुकीचा मागचा लाकडी भाग, खांद्याला टेकतो तो. तो मोठ्या माणसाच्या हाताच्या मापाचा असतो. पोराला तो दीड-दोन इंच लांब पडतो. मग पोर काय करतं? कंबरेतून मागे वाकतं, मान पुढे ताणतं, आणि दस्ता खांद्याच्या खळगीत बसायच्या ऐवजी दंडावर बसतो. बार झाला की दंड काळानिळा. उपाय सोपा आहे. दस्त्याच्या मागून एक चकती करवतीनं कापून काढायची आणि रबराचा पॅड परत बसवायचा. चकती फेकायचीही नाही. तिच्यावर पेन्सिलीनं पोराचं नाव लिहायचं, कपाटात ठेवायची, आणि पोर वाढलं की लांब स्क्रूनं ती पुन्हा जागेवर. काही वाया जात नाही. माझ्या कपाटात अशा वीसेक चकत्या होत्या, अहमद, रोहन, सईद, फिलिप.

हे सगळं समजावून झालं की बाप हमखास काय म्हणणार? "पण कापायची कशाला? वाढत्या अंगाचा आहे, येईल तिच्यात." विशेषतः आपली माणसं. शाळेचा युनिफॉर्म गुडघ्याखाली, दप्तर पाठीपेक्षा मोठं, चपलेत बोळे कोंबलेले, आणि तेच डोकं बंदुकीला. पोराचं आजचं अंग आपल्याला दिसतच नाही. आपण नेहमी दोन वर्षांनंतरच्या पोराला कपडे घालत असतो. मी अशा बापांवर असा काही तुटून पडायचो की दुसऱ्या खोलीतला चहावाला हसायचा. म्हणायचा, "सावंतसाब की करवत से पहले जुबान चलती है."

मला हे ज्ञान काही क्लबनं दिलं नाही. आमच्या गावी, कोकणात, काजूच्या बागेत रानडुकरं घुसतात म्हणून वडिलांकडे पिकाच्या राखणीची परवान्याची बंदूक होती, एकनळी. चौदाव्या वर्षी त्यांनी ती माझ्या हातात दिली. माझ्या छातीपेक्षा लांब दस्ता. बार काढला आणि मी पाठीवर पडलो, पाचोळ्यात. गडी हसले. वडील म्हणाले, "पडलंस? ऊठ. वाढत्या आंगाचो आसस, येशीत तिच्यात." मी आलोही तिच्यात, सतराव्या वर्षी. मधली तीन वर्षं मी चाप ओढायच्या आधी डोळे मिटत होतो, हे मी कुणालाही सांगितलं नाही. म्हणून तर क्लबात एवढा पोटतिडकीनं भांडायचो.

असं मला वाटायचं तरी.

सत्त्याण्णवच्या थंडीत रश्मी तेरा वर्षांची होती. सुलभा आणि ती पाच वर्षांपूर्वी माझ्याकडे शारजाला आल्या होत्या. माझ्या पगारात फॅमिली व्हिसा बसत नव्हता, मॅनेजरनं ऑफिसात शब्द टाकून तो बसवला होता. त्याच मॅनेजरनं त्या वर्षी आणखी एक मेहेरबानी केली. शुक्रवारी, म्हणजे तेव्हाच्या सुट्टीच्या दिवशी, मेंबर लोक यायच्या आधी सकाळचा एक तास स्टाफच्या मुलांना नेमबाजीला दिला. मुलं अशी किती, चार-पाच. पण दुसऱ्याच शुक्रवारनंतर सगळे रश्मीकडेच बघायला लागले.

काय डोळा होता त्या पोरीचा! तिसरी बशी तिनं फोडली. आयुष्यातली तिसरी बशी! फुटल्यावर केशरी धूळ धुक्यात तरंगत राहिली आणि ही माझ्याकडे वळून एवढं मोठं हसली, नळी मात्र शिकवल्यासारखी खालीच धरून. तेवढ्यात मॅनेजर आला होता. त्यानं पाहिलं आणि अरबी मिसळलेल्या हिंदीत म्हणाला, "माशाल्ला. फेब्रुवारी में बच्चों का कॉम्पिटिशन है. लड़की का नाम लिखो." त्या दिवसापासून रश्मीला दुसरं काही सुचेना. भिंतीवरच्या कॅलेंडरवर फेब्रुवारीतल्या त्या तारखेभोवती तिनं स्केचपेननं गोल केला. शाळेच्या वहीच्या मागे बशा काढून त्यांना भेगा पाडायची. संध्याकाळी छत्रीचा दांडा खांद्याला लावून, पंख्याकडे नेम धरून "पुल" ओरडायची आणि सुलभा दचकायची.

तिच्या नावावर लागलेली बंदूक वीसची, म्हणजे बारापेक्षा बारीक नळीची होती. वजन चांगलं, धक्का मऊ, पोरासाठी मीसुद्धा तीच निवडली असती. फक्त दस्ता पुरा लांब. दीड इंच लांब.

पहिल्याच आठवड्यात तिनं सांगितलं, "बाबा, लांब होतेय."

आणि मी काय म्हणालो? मी, करवतीवाला सावंत, काय म्हणालो?

"वाढत्या अंगाची आहेस. येशील तिच्यात."

आजही हे वाक्य लिहिताना माझा हात माझ्याच गालावर उचलावासा वाटतो. बंदूक क्लबची. क्लबची बंदूक कापायची तर मॅनेजरला विचारायला हवं. मेंबरांच्या पोरांसाठी मी बेधडक विचारायचो, विचारायचो कसला, भांडायचो. पण स्वतःच्या पोरीसाठी तोंड उघडेना. व्हिसा त्यानं दिला, शुक्रवारचा तास त्यानं दिला, स्पर्धेत नाव त्यानं घातलं. आता आणखी त्याच्यापुढे जाऊन म्हणायचं, साहेब, तुमची बंदूक कापू का? काय म्हणेल? बोट दिलं तर हात धरतो म्हणेल. स्टाफ काय म्हणेल? आपली पायरी आपण ओळखून राहावं, कुणाच्या डोळ्यावर येऊ नये, असं मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. या भिडेला आपण वर संस्कार म्हणतो. बोंबलला तो संस्कार.

डिसेंबरात एका रात्री जेवणानंतर सुलभानं रश्मीच्या झग्याची बाही वर केली आणि मला हाक मारली. दंडावर तळहाताएवढा डाग. मधे जांभळा, कडेला पिवळा. आधीच्या आठवड्याचा पिवळा, या आठवड्याचा जांभळा.

"हे काय आहे?" सुलभा म्हणाली.

"होतं सुरुवातीला," मी म्हणालो.

"सुरुवातीला? सहा आठवडे झाले. लोकांच्या पोरांसाठी करवत घेऊन धावता, मॅनेजरची बोलणी खाता. ही पोर कुणाची आहे?"

"तुला त्यातलं काय कळतं?" मी म्हणालो. मला सगळं कळत होतं, म्हणून असं बोललो.

रश्मी मधेच म्हणाली, "आई, दुखत नाही गं." मग माझ्याकडे बघून, "बाबा, तुम्ही रोहनची कापलीत ना. ती पण क्लबचीच होती. माझीपण कापा ना. मॅनेजरना विचाराल?"

"विचारतो," मी म्हणालो. "इन्शाल्ला."

या देशात राहून तो शब्द मी उचलला होता. देवाचं नाव आहे त्यात. श्रद्धेनं म्हणणारी लाखो माणसं मी पाहिली आहेत. मी मात्र तो माझी लाज झाकायला वापरला. पुढच्या शुक्रवारी तिनं विचारलं, विचारलंत? मी म्हटलं, साहेब कामात होते. त्याच्या पुढच्या शुक्रवारी, साहेब रजेवर होते. तिसऱ्या शुक्रवारी तिनं विचारलंच नाही.

जानेवारीतली एक सकाळ माझ्या डोक्यातून जात नाही. धुकं हळूहळू विरत होतं, वाळूवर फुटलेल्या बशांचे केशरी तुकडे दवानं चकाकत होते. रश्मी एकामागून एक बशी चुकवत होती. महिन्यापूर्वी दहातल्या सात फोडणारी पोर दोनवर आली होती. मला संशय आला. बंदूक भरताना मी तिच्या नकळत खऱ्या काडतुसाऐवजी पितळेचं खोटं काडतूस घातलं. त्यात ना दारू ना छर्रे, चाप ओढला तर नुसती टिक. ती "पुल" म्हणाली. बशी निघाली. तिनं चाप ओढला. टिक.

बार झालाच नाही. धक्का बसलाच नाही. तरीही तिची मान आखडली, डोळे गच्च मिटले आणि नळी वीतभर खाली गेली. नसलेल्या धक्क्याला माझी पोर घाबरून गोळा झाली होती.

बंदूक शांत आहे हे तिच्या लक्षात यायला एक क्षण लागला. मग तिनं बंदूक मधून उघडून पितळेचं काडतूस पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. ती रडली नाही. तिनं काडतूस काढून माझ्या हातात दिलं, बंदूक रॅकवर नीट ठेवली, आणि पिकअपमध्ये जाऊन बसली.

त्याच दिवशी, अकरा वाजता, एका मेंबरनं मुलासाठी लांब दस्ता मागितला तेव्हा मी त्याला सगळ्यांदेखत झापलं. म्हटलं, पोराच्या जिवाशी खेळ करता काय? केवढा आव! मला आठवतं, चहावाल्यानं टाळी वाजवली होती.

पुढच्या शुक्रवारी रश्मी उठली नाही. पांघरुणातूनच म्हणाली, "आय हॅव एक्झाम्स, बाबा." आठवीची परीक्षा मार्चात होती. कॅलेंडरवरचा गोल तसाच राहिला, फेब्रुवारी उलटला आणि सुलभानं ते पान फाडून डाळीच्या डब्याखाली घातलं. स्पर्धा झाली. माझ्या कापलेल्या दस्त्यांवर तीन पोरांनी बक्षिसं घेतली आणि बापांनी माझा हात हातात घेऊन आभार मानले.

मार्चात हंगाम संपताना मॅनेजर आणि मी बंदुका मोजत होतो. तो वीसची उचलून थांबला. दस्त्यावरून हात फिरवला.

"सावंत, ये तुम्हारी लड़की वाली है ना? इसको काटा नहीं?"

"नहीं, साहब."

"क्यों?"

"क्लब की है, साहब. आपको पूछना था."

मी वेडा असल्यासारखा तो माझ्याकडे बघत राहिला. "तो पूछा क्यों नहीं? सबके लिए मेरा दिमाग़ खाता है, अपनी बेटी के लिए नहीं पूछा? मैं समझा उसको लंबा पसंद है. यल्ला, अभी काटो."

अभी काटो! एवढंच. दोन शब्द! मी तीन महिने ज्या नकाराला घाबरत होतो तो नकार त्या माणसाच्या मनात कधीच नव्हता. तो माझ्याच डोक्यात होता. त्या सोन्याच्या नक्षीवाल्या काकाला मी मूर्ख म्हटलं, अबुधाबीच्या इंजिनिअरला म्हटलं. अरे, त्यांना ठाऊक नव्हतं! मला ठाऊक होतं. बंदुकीच्या बाबतीत मी काय चूक केली ते त्या अख्ख्या वाळवंटात माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि तरी मी केली. त्यांना एक वेळ माफ करीन. स्वतःला कसं करू?

कापली मी ती बंदूक, त्याच दुपारी. चकतीवर पेन्सिलीनं "रश्मी" लिहिलं. घरी येऊन सुलभाला तेवढं सांगितलं, रश्मीला नाही. काय सांगणार? पुढच्या हंगामापासून दुसरीच मुलं त्या बंदुकीनं बशा फोडायला लागली. एकोणीसशे अठ्ठ्याण्णव गेलं, दोन हजार साल आलं, दोन हजार तीनही गेलं. दर नोव्हेंबरला मी कपाट उघडायचो आणि इतर चकत्यांच्या मागे ती एक दिसायची. नोकरी सोडली तेव्हा मी ती सामानात टाकली आणि विसरलो. विसरलो म्हणायचं आपलं.

तर परवा हॉलमध्ये तो नळ वाहत होता, आणि मी तोंड लपवायला बाल्कनीत निघालो. दाराशी ठेचकाळलो. खाली पाहिलं. दाराखालचा लाकडाचा तुकडा. अंडाकृती, दीड इंच जाड, दोन भोकं. मी वाकून उचलला. दार धाडकन आपटलं. उलटा केला तर पेन्सिलीचं अक्षर पुसट झालेलं, पण माझंच.

"हे तुझ्याकडे कसं?" मी विचारलं.

रश्मी हात पुसत बाहेर आली. "तुमचं सामान गावी पाठवताना मिळालं. आईनं सांगितलं काय ते. पंधराएक वर्षं झाली."

"मग बोलली नाहीस कधी?"

"तुम्ही तरी कुठे बोललात?" मी सोफ्यावर टेकलो, तशी ती माझ्या शेजारी बसली. माझ्या हातातली चकती मांडीवर घेऊन तिनं भोकांवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "बाबा, राग नव्हता हो मला. हे सापडेपर्यंत मला वाटायचं, मीच भित्री आहे. आपल्याला काही जमायचं नाही, असंच मी सगळ्यात धरून चालायचे. कॉलेजात, नोकरीत. कुणी पुढे हो म्हटलं की मला ती टिक आठवायची."

सुलभा तोंडाला पदर लावून आत गेली. ईशान मोठे डोळे करून एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होता, शूज हातात धरून.

मग मी उठलो. चप्पल घातली. म्हटलं, "चल रे, शूज घे. बदलून आणू."

"बाबा, बिल फेकलंय मी," रश्मी म्हणाली. "आणि त्यानं ते घालून पाहिलेत. आता नाही घेणार ते. उगीच कशाला त्यांना..." ती बोलता बोलता थांबली.

"विचारू की," मी म्हणालो.

रश्मीही आमच्याबरोबर निघाली. मॉलमधल्या त्या दुकानात काउंटरवर एक तरुण मुलगा होता. मी शूज पुढे ठेवले. मनातल्या मनात वाक्य दोनदा जुळवलं, या वयात, एका जोडीसाठी. म्हटलं, बेटा, बिल नहीं है, और बच्चे ने घर में पहना है, मगर ये उसको बड़ा है, आज के पाँव का दे सकते हो क्या?

त्यानं शूज उलटे करून तळ पाहिले, ईशानच्या पायांकडे पाहिलं. "नो प्रॉब्लेम, अंकल," म्हणाला आणि मागे जाऊन दोन नंबर लहान जोडी घेऊन आला. "छह महीने में छोटा हो जाएगा," तेवढं मात्र त्यानं बजावलं.

"तब फिर आएँगे," मी म्हणालो.

ईशाननं शूज घातले, नाडी बांधली आणि दुकानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पळत गेला. आवाज आला नाही. मी वळून रश्मीकडे पाहिलं. ती दुकानातल्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. सगळ्याला मिळून एक मिनिटसुद्धा लागलं नव्हतं.